जुन्या शेडचा अंधार

तीन पाय, एक फिरणारी मान आणि पोटाखाली एक हूक, एवढाच माझा देह. मित्रांनो, मी ॲल्युमिनियमचा एक जुना ट्रायपॉड आहे. फोटोग्राफर कॅमेरा माझ्या डोक्यावर बसवतो आणि मी हलायचे नाही, हे माझे काम. आता मी शाहूपुरीतल्या एका घरात, संगणकाच्या टेबलाशेजारी कोपऱ्यात मिटून उभा आहे.

मला कुठल्या कारखान्यात घडवले ते मला सांगता येत नाही. नळ्या कापल्या, एकात एक सरकवल्या, खाली रबरी बूट चढवले, इतके आठवते. दोन हजार सात साली राजारामपुरीतल्या दुकानातून मला धनपालने घेतले. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. इतरांप्रमाणे तो लग्नाचे फोटो काढत नसे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यांचे फोटो काढायचा. कुणाला माहितीपत्रक हवे असे, कुणाला कॅलेंडर.

त्याचे काम कसे चालायचे ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे. ओतकामाच्या शेडमध्ये एका बाजूला वितळलेले लोखंड पांढरे-पिवळे धगधगत असते आणि दहा पावलांवर काळोख असतो. आपल्या डोळ्याला दोन्ही एकदम दिसते. कॅमेऱ्याला दिसत नाही. लोखंडाचा रंग पकडावा तर माणसे काळी होतात, माणसे पकडावीत तर लोखंड नुसता पांढरा डाग होते. म्हणून धनपाल एकाच जागेवरून पाच फोटो काढायचा, अगदी काळोख्यापासून अगदी उजळापर्यंत. मग घरी येऊन संगणकावर ते एकावर एक ठेवायचा आणि एकातले लोखंड, दुसऱ्यातले छप्पर, तिसऱ्यातले चेहरे असे निवडून पाचांचा एक फोटो करायचा. पाचही फोटो तंतोतंत एकावर एक बसले पाहिजेत. मी केसभर सरकलो की माणसाला दोन नाके आलीच. मी सरकू नये म्हणून माझ्या हुकाला वाळूची पिशवी टांगलेली असे. ती वाळू भट्टीवरच्या कृष्णातने दिली होती, साच्यांसाठी असते तीच.

असे फोटो जोडणारे पुढे पुष्कळ झाले. त्यांच्या फोटोंत भिंती चमकतात, धूर जांभळा दिसतो, सावली औषधाला उरत नाही. धनपालला त्याची चीड होती. "अंधाराला अंधार ऱ्हाऊ दे," तो मुलीला, रोहिणीला सांगायचा. "आत माणूस हाय एवढं कळलं की बास." आणि त्याची एक सवय होती. फोटो कागदावर उतरला की तो मला घेऊन पुन्हा त्याच जागी, त्याच वेळेला जायचा. मला जमिनीवरच्या आधीच्या खुणांवर उभे करायचा, फोटो माझ्या डोक्यावर धरायचा आणि एकदा कागदाकडे, एकदा शेडकडे बघायचा. कागद शेडपेक्षा उजळ वाटला तर घरी येऊन सगळे पुन्हा. कृष्णात हसायचा. पावणं फोटो काढून न्हेत्यात आणि परत आणून दावत्यात, असे तो सगळ्या शेडला सांगायचा. ती माझी चांगली वर्षे होती. एका प्रदर्शनात धनपालच्या फोटोपुढे लोक बराच वेळ उभे राहत. फोटो जोडलेला आहे हे कुणाच्या ध्यानात आले नाही. त्याच्या लेखी हीच शाबासकी.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्यात धनपालचा पाय प्रथम माझ्या पायाला अडकला.

बारा वर्षांत असे झाले नव्हते. काळोखात, तारांच्या गुंत्यात, तो माझ्याभोवती न बघता फिरायचा. त्या दिवशी तो माझ्या डाव्या पायावर चालून आला आणि माझ्यावरच चिडला. महिन्याभराने पुन्हा तेच झाले. मग वरचेवर होऊ लागले. फोटो एकावर एक बसेनात. धनपालने निदान केले की माझा पाय घसरतो. त्याने माझे रबरी बूट बदलले, पेच आवळले, पायांना लाल चिकटपट्टी गुंडाळली. मी एकदाही घसरलो नव्हतो. त्याला बाजूचे दिसत नव्हते. तो दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, समोरून आलेल्या ओळखीच्या माणसाला बघायचा आणि शेजारून गेलेल्याला ओळख देत नसे. घरात सगळे म्हणत, आण्णा कामाच्या तंद्रीत असतात.

त्याच वर्षांत त्याच्या फोटोंतल्या सावल्या उजळत गेल्या. संगणकाच्या पडद्यावर त्याला कोपरे फार काळे वाटत. शेड आठवणीत होती तशी दिसेपर्यंत तो ते उजळत राहायचा. कागद घेऊन परत जागेवर जाण्याची सवय सुटली होती, कारण कॅलेंडर छापणाऱ्यांना सगळे कालच हवे असायचे. आणि गिऱ्हाईक तक्रार तरी कशाला करेल? उलट आता कौतुक वाढले. कारखान्याच्या ऑफिसातून फोन आला की यंदाचे फोटो एकदम फॉरेनसारखे आलेत. धनपालला ते लागले, पण त्याने हसून धन्यवाद म्हटले.

दोन हजार तेवीसच्या शेवटी त्या कारखान्याने ठरवले की जुनी शेड पाडायची आणि नवी भट्टी बसवायची. जाण्याआधी तिचा एक फोटो कॅलेंडरच्या पहिल्या पानावर हवा होता. त्या शेडमध्ये कृष्णातची बावीस वर्षे गेली होती. शेडचा हा शेवटचा फोटो आपल्या हातून खरा उतरावा, असे धनपालने मनाशी धरले. फोटो काढताना तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये त्याने मला लाथाडले. कॅमेऱ्यासह मी कलंडलो, तोच कृष्णातने मला झेलले. पाचही फोटो पुन्हा काढावे लागले. कॅलेंडर छापून घरोघरी गेले.

एप्रिलमध्ये, पाडकाम महिन्यावर आलेले असताना, धनपालला जुनी सवय आठवली. तो मला घेऊन शेडमध्ये गेला, खुणांवर उभे केले आणि फोटो माझ्यावर धरला. वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. मग त्याने कृष्णातला विचारले, "लाईट गेलीया काय?"

"न्हाय की."

"मग दिवे का बंद ठेवल्यात?"

कृष्णातने छपराकडे पाहिले. "सगळं चालू हाईत. उलट दिवाळीत दोन वाढवल्यात." मग त्याने धनपालच्या हातातला फोटो घेतला आणि नीट पाहिला. "खरं सांगू का पावणं, हितं एवढा उजेड कवाच नव्हता. पण ऱ्हाऊ दे की. आमची तोंडं दिसत्यात."

धनपाल छपरात दिवे शोधत राहिला. कृष्णातला वाटले, चेष्टा चालली आहे. त्याने आपला हात धनपालच्या डाव्या कानाजवळ नेला, खांद्यापासून वीतभर लांब, आणि विचारले, "ही बोटं किती, सांगा बघू."

"कुठली बोटं?" धनपाल म्हणाला.

कृष्णातने हात हळूच खाली घेतला. त्या दिवशी मला उचलून गाडीपर्यंत त्यानेच नेले, आणि दुसऱ्या हाताने धनपालचा दंड धरला होता.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. हा रोग दुखत नाही. कडेकडेने नजर खात येतो आणि माणसाला पत्ता लागत नाही, कारण समोरचे दिसत राहते. डावा डोळा जवळजवळ गेला होता, उजवा अर्धा. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालायचे, तीही टिकेलच असे नाही. धनपालच्या आईला शेवटी दिसत नसे. घरात त्याला वय झाले म्हणत. डॉक्टरांनी रोहिणीलाही दर वर्षी तपासून घ्यायला सांगितले, कारण हा रोग रक्तातून येतो.

मे महिन्यात शेड पडली. जूनमध्ये धनपालने रोहिणीला संगणकासमोर बसवले. मूळचे पाच फोटो होतेच. त्यांतून खरा फोटो करायचा होता. हात तिचे, सांगणे त्याचे. तो पडद्याला नाक लावून बसला आणि भट्टीमागचा कोपरा काळा करायला सांगू लागला. आपण उजळ करत आलो, हे आता त्याला माहीत होते, म्हणून प्रत्येक वेळी तो म्हणायचा, अजून. तिने अजून काळा केला. तो म्हणाला, अजून. शेवटी तिचा हात थांबला.

"आण्णा, आता यात कृष्णातमामा दिसतच नाहीत."

"मग थोडं माघारी घे."

"किती?"

त्याने पडद्याकडे बघितले. "तुला काय वाटतंय?"

"मी काय सांगू आण्णा? मी त्या शेडमध्ये कधी आलेच नाही."

जिला दिसत होते ती तिथे नव्हती. जो तिथे होता त्याला दिसत नव्हते. आणि शेड उरली नव्हती. रोहिणीने चार वेगवेगळे फोटो केले आणि कृष्णातच्या घरी नेऊन दाखवले. त्याने आणि त्याच्या बायकोने एकमताने सगळ्यात उजळ निवडला. नातवंडांना तोंड ओळखू आलं पाहिजे, असे त्याची बायको म्हणाली. त्यात तिचे काय चुकले? रोहिणीने घरी येऊन संगणक बंद केला. ते काम पुन्हा कुणी उघडलेले नाही. धनपाल सकाळ-संध्याकाळ थेंब घालतो आणि खिडकीशी बसतो. परवा तो म्हणाला की आज फार ढग आलेत. आकाश निरभ्र होते. रोहिणी हो म्हणाली.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी मला नीट पुसा, कोरडे ठेवा, असे मी सांगावे अशी रीत आहे. मला त्याची गरज उरलेली नाही. पण तुमच्या घरात कुणी रोजच्या चौकटीला खांदा आपटत असेल, पाण्याच्या घागरीला, खुर्चीला, शेजारी झोपलेल्या मांजराला अडखळत असेल, तर हसू नका आणि वस्तूला बोल लावू नका. त्याच आठवड्यात त्याचे डोळे तपासून घ्या. घरात आधी कुणाची नजर गेली असेल तर स्वतःचेही तपासून घ्या. वेळेवर कळले तर निदान उरलेले राखता येते. पाच वर्षे धनपाल माझ्यावर आपटत राहिला. त्याला दिसत नाही, हे सगळ्यांत आधी मला कळले होते, आणि मला तोंड नाही. तुम्हाला आहे.