चौथा पाय राहिला

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे, तीन रबरी पायांची. खरं तर मला चार असायचे होते. तो चौथा कुठे गेला हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे. एरवी माझ्या जातीला बोलायची सवय नाही. आम्ही खटखटतो, तेवढंच.

पाहाल तर मला पेटीच म्हणाल. मांडीवर मावेल एवढी लाकडी पेटी, डाव्या हाताला लाल गोळ्याचा दांडा, उजव्या हाताला बटणं. दांडा हलवला की पडद्यावरचा लढवय्या हलतो, बटण दाबलं की तो गुद्दा हाणतो, लाथ मारतो. समोरच्या लढवय्याला दुसरं कुणीतरी आपल्या घरी बसून, इंटरनेटवरून नाचवत असतं.

माझा जन्म ग्रीसमधल्या वोलोस गावचा. बंदरामागच्या गल्लीत स्ताथिसचं दुकान आहे. लांब मानेची बुझुकी वाद्यं घडवणं हा त्याचा धंदा. ज्या तुतीच्या फळीची मी झाले, तिच्या बाकीच्या लेकी आज कुठल्या कुठल्या खानावळीत गात असतील. उरलेला तुकडा माझ्या वाट्याला आला. स्ताथिसनं तो किती मायेनं घासला! कोपरे असे गोल केले की हाताला कुठे टोचू नये. मग तापल्या सळईनं माझ्या तळावर अक्षरं उठवली, ‘दानाईसाठी, स्ताथिसकडून’. मला भाजलं, पण ते भाजणंही गोड वाटलं. आपण कुणाच्या आहोत हे अंगावर लिहिलेलं असावं, याहून मोठं भाग्य कोणतं?

दानाई त्याची लहानपणापासूनची मैत्रीण. बंदरावरच्या व्हिडिओ गेमच्या खेळघरात दोघं नाणी टाकून लढत मोठी झालेली. तिनं मला हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, “अरे, हिला तीनच पाय?”

“रबर संपलं गं. चौथा उद्या लावतो.”

“तुझा उद्या म्हणजे पुढचा ईस्टर!”

दोघं हसली. मीही हसले. आता वाटतं, तेव्हाच रडायला हवं होतं.

सुरुवातीची वर्षं मात्र सोन्याची गेली. गावात या खेळाचा एक छोटा क्लब होता. त्यांची एक रीत होती, ती मला फार आवडायची. लढत संपली की हरलेल्यानं विचारायचं, “माझं काय चुकलं?” आणि जिंकलेल्यानं आपल्याला दिसलेली एक गोष्ट खरी सांगायची. एकच, पण खरी. या रितीवरच ती मंडळी सुधारत गेली. दानाई तर खेळाच्या क्रमवारीत चांदीची पायरी ओलांडून सोन्याच्या पायरीवर पोचली. क्लबातले लोक मला बघून म्हणायचे, “जरा हात लावू का?” ती म्हणायची, “धुऊन या आधी.”

मग मिर्तो जन्मली. बाळ आलं आणि दानाईचा दिवस बाळाचा झाला. खेळायला उरली फक्त दुपारची विश्रांतीची वेळ. त्या वेळी आमच्या गावात कुणी भिंतीत खिळासुद्धा ठोकत नाही. मिर्तो पाळण्यात झोपायची, खालच्या मजल्यावर एव्हान्थियाबाई पलंगावर पडायच्या, आणि दानाई आवाज बंद करून मला टेबलावर ठेवायची.

इथेच माझं लंगडेपण आडवं आलं. दांडा डावीकडे, आपल्या पोटाकडे खेचला की लढवय्या खाली बसून अंग झाकून घेतो. या खेळातलं निम्मं शहाणपण त्या एका कोपऱ्यात आहे. खाली बसायचं, मार अंगावर झेलायचा आणि समोरचा चुकायची वाट बघायची. पण माझा राहिलेला पाय नेमका त्याच कोपऱ्याखालचा. तिकडे दांडा खेचला की मी कलंडायचे, टेबलावर आपटायचे. खट्!

लगेच खालून झाडूचा दांडा छताला लागायचा. एकदा तर एव्हान्थियाबाई सपाता फटकारत वरच आल्या. “पोरी, माझ्या डोक्यावर शेळ्या बांधल्यास का गं?”

“चुकलं हो, एव्हान्थियाबाई.”

“बाळ आहे म्हणून मी गप्प बसते.”

“तुम्ही गप्प बसता?”

“बसते की! माझा झाडूच काय तो बोलतो.”

एवढ्यात मिर्तो जागी होऊन रडायला लागली, आणि तो दिवस संपला.

आईचा हात फार लवकर शिकतो, मित्रांनो. बाळ उठेल म्हणून दानाईचा हात तो कोपरा टाळू लागला. तिलाही ते कळलं नाही. मार आला की खाली बसण्याऐवजी ती दांडा डावीकडेच, पण वर, पोटापासून दूर ढकलायची. तिकडे आवाज होत नसे. तिची भालेवाली लढवय्या अंग झाकायच्या जागी उडी मारून मागे पळू लागली. एकदा जमलं, दोनदा जमलं. मग समोरच्यांनी ओळखलं. उडी मारलेल्याला हवेत आसरा नसतो.

आणि ती हरू लागली.

किती हरली, काय सांगू! आज हरली, उद्या हरली. हरली की दात ओठ खाऊन म्हणायची, “आता एकच, शेवटची,” आणि तीही हरायची. लढवय्या बदलली, हरली. इंटरनेटला शिव्या घातल्या, हरली. सोन्याच्या पायरीवरून घसरत ती चांदीच्याही तळाला आली. एका दुपारी तिनं बाळाच्या दुपट्यात तोंड खुपसलं आणि आवाज न करता रडली. रडतानाही आवाज करायची चोरी!

मला सगळं कळत होतं. दांडा कुठे जातो ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण मी सांगणार कशी?

सांगू शकणारा एक होता. स्ताथिस तिच्याशी रोज ऑनलाइन लढायचा. टेबलावर फोन ठेवून दोघं हळू आवाजात बोलत. पूर्वी तो दानाईकडून कायम मार खायचा. आता तोच जिंकत होता. ती रितीप्रमाणे विचारायची, “सांग ना रे, माझं काय चुकलं?”

पहिल्यांदा तिनं विचारलं. मी मनात म्हटलं, आता सांगेल. तो हुशार आहे, त्याला दिसलं असणारच.

“तुझं काही नाही गं,” तो म्हणाला. “जॉयस्टिक जुनी झालीय. दांड्यात दम नाही राहिला.”

मित्रांनो, ज्यानं मला घडवलं त्याचाच तो आवाज. माझ्या तळावरची अक्षरं पुन्हा एकदा भाजून निघाली. या वेळी त्यात गोडवा नव्हता.

दानाईनं लाल गोळ्यावरून बोट फिरवलं. “खरंच की काय गं?” ती मला म्हणाली. त्यानंतर ती मला धरायची ती परक्यासारखी, दोन बोटांनी. पुढे प्रत्येक वेळी तेच उत्तर. दांड्याचाच दोष, दांड्याचाच दोष. शेवटी तो नवी कोरी पेटी घेऊन घरी आला. तिला दांडाच नव्हता, नुसती बटणं.

“वापर ही. आणि त्या म्हातारीला आता पेन्शन दे.”

माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही. आपल्याच हातचं काम, पण नजर चुकवून मिर्तोला खुळखुळा वाजवून दाखवत बसला.

माझी रवानगी गॅलरीतल्या कपाटात झाली. कपड्यांचे चिमटे, तुळशीसारख्या वासाच्या वासिलिकोसची रिकामी कुंडी आणि मी. आतून सगळं ऐकू यायचं. ती नव्या पेटीवरही हरत होती. हात तोच, सवय तीच.

उन्हाळ्यात थेस्सालोनिकी शहरात या खेळाची मोठी स्पर्धा भरते. क्लबाकडून एकजण जातो. जागा या वर्षी दानाईला मिळायची की स्ताथिसला, हे दोघांच्या लढतीवर ठरणार होतं. आधी दहा डाव जिंकेल तो जाईल. दिवस रविवारचा. गॅलरीत कपडे वाळत घालताना ती फोनवर बहिणीला म्हणाली, “रविवारी हरले की संपलं गं. विकून टाकते सगळं. आईपणात हे बसत नाही, मला उगाच वाटलं होतं.”

तिचा खेळ जाणार होता. आणि दोष माझ्या नावावर जाणार होता.

माझा दांडा आणि बटणं क्लबात कुणाच्या उपयोगी पडतील म्हणून तिनं मला बाहेर काढलं. उलटं करून स्क्रू काढले. आत दांड्याभोवती प्लास्टिकची चौकोनी चौकट असते, दांडा तिच्या कोपऱ्यांना जाऊन भिडतो. तिनं ती हातात घेतली, फडक्यानं पुसली, आणि तिचा हात थांबला.

डावीकडचा वरचा कोपरा झिजून खोलगट झाला होता, नदीतल्या दगडासारखा. डावीकडचा खालचा कोपरा मात्र थोडकाच घासलेला. जणू मिर्तो जन्मल्यापासून तिथे कुणी गेलंच नव्हतं.

“मी… खाली बसतच नाही?” ती स्वतःशी म्हणाली.

तिनं मला घाईघाईनं जोडलं, टेबलावर ठेवलं आणि दांडा पोटाकडे खेचला. खट्! खालून झाडू वाजला. पाळण्यात मिर्तो हलली. दानाई पाळण्याकडे बघत राहिली, मग माझ्या रिकाम्या कोपऱ्याकडे.

मग तिनं खेळात साठवलेल्या जुन्या लढती लावल्या. तिला स्वतःच्या उड्या दिसल्या. अनोळखी माणसं उडी बघून मारत होती. स्ताथिसच्या लढतीत मात्र तिची लढवय्या जमिनीवर असतानाच त्याची लाथ हवेत गेलेली असायची. ती उडणार हे त्याला आधीच ठाऊक होतं. एकदा नाही, दरवेळी. तिनं तो तुकडा पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग पडदा बंद केला आणि बराच वेळ माझ्या तळावरची अक्षरं वाचत बसली. तेव्हा आम्ही दोघी एकाच दुःखाच्या बहिणी झालो.

संध्याकाळी तिनं त्सिपुरो दारूच्या बाटलीचं बूच कापून माझ्या कोपऱ्याखाली चिकटवलं. किती सोपं होतं ते! मी आयुष्यात पहिल्यांदा सरळ उभी राहिले.

नंतरच्या प्रत्येक दुपारी तिनं एकच गोष्ट केली. मार आला की खाली बसायचं. हरली तरी चालेल, उडायचं नाही. पहिल्यांदा हरलीच. सवय जाता जात नाही. पण आता हरल्यावर ती म्हणायची, “बसले का? बसले. मग झालं.” लागोपाठ दोन लढती हरल्या की मला झाकून उठायची, कुंड्यांना पाणी घालायची. ‘आता एकच, शेवटची’ हे तिनं सोडूनच दिलं.

रविवार आला. मिर्तो झोपलेली, फोन टेबलावर, क्लबातले सगळे आपापल्या घरून बघत, फोनवर ऐकत होते. सुरुवातीला भीतीनं तिचा हात पुन्हा वरच्या कोपऱ्याकडे गेला. स्ताथिसनं भराभर डाव घेतले.

“दानाई, जुनीच घेऊन बसलीस की काय?” तो हसला.

तिनं दांडा पोटाकडे खेचला आणि तिथेच धरला. मी हलले नाही. आवाज नाही. पडद्यावर त्याची लाथ हवेत गेली आणि कुणालाच न लागता खाली आली. भालेवाली जमिनीवर बसलेली. ती उठली आणि तिनं मारलं. पुन्हा त्याची लाथ हवेत, पुन्हा मोकळी. फोनमधलं हसू बंद पडलं. एकामागून एक डाव तिच्याकडे येऊ लागले. शेवटी नऊ-नऊ झाले, आणि शेवटच्या डावात तो मार चुकवायला स्वतःच उडी मारून गेला.

“जिंकले,” ती कुजबुजली. पाळण्यापर्यंतही आवाज गेला नाही.

मग क्लबातला कुणीतरी म्हणाला, “स्ताथिस, रीत आहे. विचार की.”

तो खाकरला. “माझं… काय चुकलं?”

दानाईनं माझ्या बुचाच्या पायावर बोट ठेवलं.

“चौथा पाय लावायचा राहिला, स्ताथिस.”

त्याला कळलं. बाकी कुणाला नाही कळलं, आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो दारात आला, हातात रबराचा काळा पाय घेऊन. तिनं कॉफी दिली, मिर्तोला त्याच्या मांडीवर दिलं. पाय मात्र घेतला नाही. “बूच बरं आहे,” म्हणाली.

मित्रांनो, थेस्सालोनिकीला मी तिच्या पिशवीत, मिर्तोच्या दुपट्यात गुंडाळलेली गेले. ती तिथे दुसऱ्याच फेरीत हरली आणि हसत परत आली, कारण समोरच्या अनोळखी मुलीनं तिला एक गोष्ट खरी सांगितली होती. तुम्हाला एवढंच मागते. एखादी वस्तू जुनी झाली म्हणण्याआधी तिला एकदा उलटी करून बघा. आणि तुमचं कुणी हरून तुमच्याकडे विचारायला आलं, तर त्याला खरं सांगा. माझ्या तळावरचं स्ताथिसचं नाव दानाईनं घासून काढलेलं नाही. तिनं माफ केलं असेल. मी लाकडाची आहे, मला वेळ लागेल.