दारामागे एक हिस्सा

त्या चार घरांचं बिल कसं वाटायचं, हे हॉटेलात जेवायला जाण्याच्या कितीतरी आधीच ठरून गेलं होतं. एकाच मजल्यावर समोरासमोर चार दारं. जिन्यातल्या दिव्याचं बिल आलं किंवा पाण्याचा पंप बिघडला, की दारामागे एक हिस्सा. कुणाच्या घरात किती माणसं हे विचारायचं नाही. पुढे ती इमारत पाडली आणि वायरमन, टेलर, कंडक्टर, अकाउंटंट असे चौघे चार दिशांना राहायला गेले. पण महिन्यातल्या एका रविवारी दुपारी एकत्र जेवायचं ठरलं, आणि वाटणीची रीत तीच राहिली.

बायको गेल्यानंतर वायरमन आज पहिल्यांदाच जेवायला निघाला होता. शर्टाच्या गुंड्या लावता लावता त्याने मनाशी पक्कं केलं. आपलं दार मोजलं, तर पुढच्या महिन्यात यायचं. नाही मोजलं, तर आजचं शेवटचं. बायको गेली म्हणून दार काही गेलं नव्हतं. घंटेचं बटणसुद्धा अजून तिच्या हाताला येईल अशा उंचीवरच होतं. त्यानेच बसवलेलं.

हॉटेलच्या वरच्या खोलीत खिडकीजवळचं लांब टेबल त्यांचं नेहमीचं. वेटरने सवयीने आठ ताटं मांडली आणि मग गुपचूप एक उचलून नेलं. आठव्या खुर्चीवर बायकांनी आपल्या पर्सा ठेवल्या. वायरमनला त्याचं काही वाटलं नाही. पर्सा कुठेतरी ठेवाव्याच लागतात.

जेवण नेहमीसारखंच झालं. टेलरने मासे दोनदा मागवले आणि दोन्ही वेळा ते बायकोसाठी असल्याचं सांगितलं.

"माझ्यासाठी?" टेलरची बायको म्हणाली. "माझ्या ताटात काटेसुद्धा आले नाहीत."

"भाऊजी, तुम्ही का हात आखडता घेताय?" कंडक्टरच्या बायकोने वायरमनला विचारलं. "घ्या की भात."

"घेतो वहिनी. आज भूक बेताचीच आहे."

बिल आलं तसं ते अकाउंटंटपुढे गेलं. तो नोकरीतून निवृत्त झाला होता, पण चष्मा कपाळावरून नाकावर उतरवायची त्याची ढब तशीच होती. चार हजार दोनशे झाले होते. वायरमनने चोरून आकडा पाहिला, मनातल्या मनात चाराने भागलं आणि एक हजार पन्नास मोजून हातात तयार ठेवले.

"सात माणसं," अकाउंटंट म्हणाला. "डोईमागे सहाशे. टेलर, तुम्हा दोघांचे बाराशे, कंडक्टर, तुमचे बाराशे, आमचे बाराशे. वायरमन, तुझे सहाशे."

"का?"

"का म्हणजे? एकटा जेवलास, एकट्याचे दे."

"दारं चार आहेत. चार भाग कर."

"अरे, तू दोघांचं कशाला भरायचं? न्याय बघ ना जरा."

"न्याय?" वायरमन म्हणाला. "तुझी तीन पोरं लहान होती, तेव्हा तुझ्या घरात पाच माणसं. सकाळी टाकी तुमच्याच आंघोळींनी रिकामी व्हायची. तेव्हा तुझा हिस्सा एकच होता. तेव्हा नाही डोकी मोजलीस."

टेलरला ठसका लागला. कंडक्टर हसला आणि बायकोने पाहिल्यावर गप्प झाला.

"ते पाणी होतं, हे जेवण आहे," अकाउंटंट म्हणाला.

"मग टेलरची तीन डोकी धर. दोन मासे खाल्ले त्याने."

"मला कशाला मध्ये ओढतोस?" टेलर म्हणाला.

"भाऊजी, उगाच हट्ट करू नका," अकाउंटंटची बायको हळू आवाजात म्हणाली. "आम्ही तुमच्याच सोयीचं बघतोय."

इथेच त्याचं घोडं अडलं. भांडणाला उत्तर देता येतं, मायेला काय द्यायचं? त्याने सहाशे टेबलावर ठेवले. उरलेले साडेचारशे पाकिटात परत घालवेनात, म्हणून शर्टाच्या खिशात कोंबले. मग खिडकीबाहेर बघत बसला. आजचं शेवटचं, हे त्याच्यापुरतं ठरलं.

आता टिप राहिली होती. टिपेची रीत मात्र त्याच्या बायकोची. टेबलावर एक बशी, तिच्यावर नॅपकिन. बशी हातोहात फिरायची, ज्याने त्याने नॅपकिनखाली हात घालून जमेल ते ठेवायचं. कुणी किती दिले हे कुणाला कळायचं नाही, त्यामुळे कुणाला लाजही नाही आणि मिरवणंही नाही. शेवटी बशी तिच्याकडे यायची. ती मांडीवर घेऊन मोजायची आणि वेटरच्या हातात द्यायची. बिलाच्या दहाव्या भागाहून टिप कधी कमी पडली नव्हती.

"आपल्या टेबलाची टिप म्हणजे टिप," बशी पुढे सरकवत कंडक्टर म्हणाला. "आपलं टेबल मिळावं म्हणून वेटर लोक आपसात भांडत असतील."

"मग! चार घरांची दानत आहे," टेलर म्हणाला.

वायरमनने पाकिटातून नेहमीची शंभराची नोट काढून नॅपकिनखाली सारली. पुढे बशी कुणाकडे द्यावी हे कुणालाच सुचेना. ती त्याच्याचसमोर राहिली.

"तुम्हीच मोजा भाऊजी," कंडक्टरची बायको म्हणाली. "ती मोजायची तसं."

त्याने बशी मांडीवर घेतली आणि नॅपकिनची कड उचलली. त्याची शंभराची नोट होती. शिवाय एक पन्नासाची, एक विसाची आणि दहाचं एक नाणं. त्याने नॅपकिन आणखी वर केला, जणू काही नोटा कापडाला चिकटल्या असाव्यात. नव्हत्या.

त्याचा चेहरा तापला. चारशे वीस व्हायला हवे होते. एकशे ऐंशी होते. लोक म्हणतील, एकटा झाल्यापासून हा चिकट झाला. पण आज या तिघांनीच हात आखडला म्हणावं, तर तेही पटेना. आत्ताच कशी छाती फुगवून बोलत होते. आणि छाती खोटी नव्हती. उरलेलं बाकीचे तिघे घालतात, असं प्रत्येकजण इतकी वर्षं धरून चालला होता. मग घालत कोण होतं?

तेव्हा त्याला घरी जातानाचा बसथांबा आठवला. दर महिन्याला, जेवून निघाल्यावर, ती तिकिटासाठी त्याच्यापुढे हात करायची.

"सकाळीच तर दिले होते तुला," तो म्हणायचा.

"संपले."

"पर्सला भोक आहे का तुझ्या?"

"असेल. शिवून घेते."

इतकी वर्षं त्याने तोच विनोद केला होता आणि इतकी वर्षं तिने तेच उत्तर दिलं होतं. पर्स टेलरकडे टाक, असंही तो एकदा वैतागून म्हणाला होता. वायरमनला हसू फुटलं. चांगलं मोठ्याने. टेबल दचकलं.

"काय झालं रे?" अकाउंटंटने विचारलं.

"काही नाही. भोक सापडलं."

"कसलं भोक?"

"घरगुती आहे. तुझ्या हिशेबात नाही बसणार."

डोळ्यांत पाणी आलं होतं, ते हसण्याचं आहे असं सगळ्यांनी धरलं. त्याने खाली बघितलं. सांगून टाकलं, तर तीन घरं शरमेने मान खाली घालणार. ती शरम लागू नये म्हणून तर तिने नॅपकिन घातला होता. त्याने शर्टाच्या खिशातले साडेचारशे काढले, ती मोजताना पर्समधून चष्मा काढायची तशा सहजपणे, आणि नॅपकिनखाली ठेवले. हवे होते त्याहून ते पुष्कळ जास्त होते. पण ते पैसे बिल बघितल्यापासूनच त्याचे एकट्याचे नव्हते. तिच्या भागाचे होते, आणि ती ते इथेच घालायची.

वेटर आला. वायरमनने उठून बशी त्याच्या हातात दिली.

"आत भांडी घासणाऱ्यांनाही पोचू दे," तो म्हणाला. तीही असंच म्हणायची.

"पोचतात साहेब. बाईंनी सांगितल्यापासून पोचतातच." वेटरने नॅपकिन किंचित उचलून बघितला आणि बशी दोन्ही हातांनी धरली.

"भाऊजी, टिप किती जमली?" टेलरची बायको म्हणाली. "बघितलं त्याचं तोंड? फुललं अगदी."

"नेहमीसारखी जमली."

"सात जणांत?" अकाउंटंटचा चष्मा पुन्हा खाली आला.

"सात जणांची नाही," वायरमन म्हणाला. "चार दारांची आहे."

अकाउंटंटला नक्की काय कळलं हे सांगता येत नाही. त्याने बिलाच्या मागच्या बाजूला काहीतरी लिहिलं, खोडलं आणि कागद खिशात टाकला.

"बरं बाबा," तो म्हणाला. "पुढच्या वेळी चाराने भागतो. पण आम्ही आइस्क्रीम घेतलं तर कुरकुर करायची नाही."

"आणि बशी माझ्याकडे," वायरमन म्हणाला.

"ठेव तुझ्याकडे. दुसरं कोण मोजत बसणार आहे?"

बायकांनी आठव्या खुर्चीवरच्या पर्सा उचलल्या. जिना उतरताना टेलर मागे राहिला आणि मासे खरंच बायकोसाठी मागवले होते, हे कंडक्टरला पटवत राहिला. वायरमन पुढे जाऊन बसथांब्यावर उभा राहिला आणि तिकिटापुरते सुटे काढून हातात धरले.