तिवरांची एम.एस्सी.

"दिला राजीनामा. तोंडावर फेकला त्याच्या," उमैर बूट न काढताच सोफ्यावर बसत म्हणाला. "पुढच्या महिन्यात खलास. घरी जाऊ."

आलिमा जेवणाच्या टेबलावर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तपासत होती. तिने कारण विचारलं. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याला उशिरा येण्यावरून बोल लावले होते. उमैर रोज उशिरा जाई, हे सौदीतल्या त्या साऱ्या यान्बू शहराला ठाऊक होतं. पण त्याचा अपमान चटकन होई, आणि त्याची भरपाई दुसऱ्या कोणाला तरी करावी लागे.

या वेळी ती आलिमाला करायची होती. तिचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्याच्या इकाम्याला बांधलेला. तो गेला की तीही जाणार. दाभोळच्या खाडीकाठी वाढलेली ही मुलगी लग्नानंतर इथे आली, काही वर्षं नुसती स्वयंपाक करत राहिली आणि मग समुद्राकाठी गावाकडचीच तिवरं उभी पाहून तिने इथल्या विद्यापीठात नाव घातलं. या खारट, कोरड्या किनाऱ्यावर ती झाडं जगतात कशी, हा तिचा विषय. तोंडी परीक्षा राहिली होती, आणि तिची तारीख त्यांच्या विमानानंतरची होती.

तिने त्याला थोडं थांबायला सांगितलं. मागे एकटी राहू का, असंही विचारलं. पण त्यासाठीही तिचा कफील, म्हणजे जामीनदार, म्हणून उमैरचीच संमती लागणार होती.

"चिखलावरच्या डिग्रीसाठी बायको मागे ठेवू? लोक थुंकतील माझ्यावर. तिवरं बघायचीत तर दाभोळला बघ, फुकट."

शुक्रवारी त्याचा मित्र तल्हा आणि त्याची बायको फरहाना जेवायला आले. उमैरने हाच विनोद पुन्हा केला. तल्हा हसला. फरहाना आलिमाला समजावत म्हणाली की नवऱ्याची नोकरी गेलेली असताना पुस्तकं घेऊन बसणं बरं दिसत नाही. नोकरी गेली नव्हती, त्याने टाकली होती. आलिमाने त्या तिघांना बिर्याणी वाढली आणि मनातल्या मनात त्यांना कायमचं घराबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या प्राध्यापिकेकडे गेली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, परीक्षकांना फोन केले आणि तारीख अलीकडे आणली.

परीक्षेच्या सकाळी उमैरने गाडी द्यायला नकार दिला. गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं. आलिमा टॅक्सीने गेली. तिन्ही परीक्षकांनी खूप वेळ प्रश्न विचारले. तिने ओहोटीबद्दल, मिठाबद्दल, पानांवर साचणाऱ्या त्याच्या पापुद्र्याबद्दल सांगितलं. कितीतरी महिन्यांत तिचं बोलणं मधे न तोडता कोणी ऐकलं नव्हतं. शेवटी तिघेही उठून उभे राहिले आणि त्यांनी तिचं अभिनंदन केलं.

ती परतली तेव्हा दोन माणसं विकलेलं जेवणाचं टेबल दारातून तिरकं करून बाहेर काढत होती. फरहाना स्वयंपाकघरात स्वतःला न्यायला पातेली निवडत होती.

"आल्या बघा मॅडम," उमैर म्हणाला. "झालं का एकदाचं? बरं, तुझं इंग्रजी चांगलं आहे. माझा बायोडेटा लिहून दे रात्री. मुंबईला पाठवायचाय."

"तुमचा तुम्ही लिहा," आलिमा म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता, तरी फरहानाच्या हातातलं झाकण थांबलं. उमैर हसायचं म्हणून हसला आणि टेबलाच्या पायाला धक्का लागतोय म्हणून त्या माणसांवर ओरडू लागला.

ती आतल्या खोलीत गेली. पलंग सकाळीच गेला होता. भिंतीला टेकून ती फरशीवर बसली आणि तिने आईला फोन लावला. पास झाल्याचं ऐकून आई रडली, मग म्हणाली, "जावयांना दे जरा फोन. मुबारकबाद देते त्यांना. एवढं शिकवलं त्यांनी तुला."

बाहेर उमैरचा आवाज अजून येत होता.

"त्यांचं यात काही नाही, अम्मा," आलिमा म्हणाली. "मुबारकबाद मला द्या."