लॉजवरची पाव्हणी

"इथी नातेवाईक नाई का कोणी?" काउंटरवरच्या माणसानं आधार कार्ड उलटंपालटं करत विचारलं.

"नाई," प्रेमिला म्हणाली, आणि पायाजवळची तांदळाची थैली तिनं चपलेनं हळूच बाजूला सरकवली.

माणूस तसा सरळ होता. एकटी बाई, कुरखेड्याहून आलेली, दोन दिवसांसाठी खोली मागते, बरोबर एक बॅग आणि पाचेक किलो तांदूळ. त्यानं तांदळाकडे एकदा पाहिलं आणि किल्ली पुढे सरकवली. "दुसऱ्या मजल्यावर. गरम पाणी सकाळीच भेटते."

नातेवाईक नाही कशी? तिथून रिक्षानं पाच-सात मिनिटांवर, सरकारी दवाखान्यामागच्या गल्लीत तिची थोरली नणंद उर्वशीबाई राहत होती. चंद्रपुरात येऊन उर्वशीबाईंकडे न उतरणारा माणूस त्यांच्या अख्ख्या गोतावळ्यात अजून जन्मायचा होता. कोणाचं ऑपरेशन असो, कोर्टाची तारीख असो की पोराची परीक्षा, बस गडचिरोली, सावली, मूल करत चंद्रपूरला लागली की माणूस पिशवी घेऊन थेट त्यांच्या दारात. प्रेमिलाची पोरगी रोशनी तर नर्सिंगचं शिक्षण होईपर्यंत त्यांच्याच घरी राहिली होती. एका पैशाची गोष्ट कधी निघाली नाही. अशा बाईच्या गावात लॉजवर राहणं म्हणजे तिच्या दारावर थुंकण्यासारखंच होतं, आणि हे प्रेमिलाला चांगलं ठाऊक होतं.

पण तिला भैरवी ऐकायची होती.

प्रेमिला आश्रमशाळेत शिकवायची. शाळेची पेटी तीच वाजवायची आणि प्रार्थनेची चालही तीच बसवायची. चंद्रपूरचं संगीत संमेलन दर जानेवारीत व्हायचं आणि ती दर जानेवारीत यायची. मुक्काम अर्थातच उर्वशीबाईंकडे. आणि तिथंच सगळं अडायचं. पाव्हणा घराबाहेर असताना जेवायचं नाही, हा उर्वशीबाईंचा नेम. प्रेमिला संमेलनाला गेली की त्या ओट्यावर येऊन बसत. शुगरच्या गोळ्या तशाच राहत, घरचे ताटकळत. मध्यंतर झालं की प्रेमिला उठायची. मोठे गवई बसत ते मध्यंतरानंतर, आणि ती मात्र गर्दीतून वाट काढत रिक्षा शोधायची. घरी पोचली की उर्वशीबाई म्हणायच्या, "आली का माय? बस, ताट करतो." मग त्या तिला पोट फुटेस्तोवर वाढायच्या.

इतक्या वर्षांत तिनं एकही मैफल शेवटपर्यंत ऐकली नव्हती. समोर बसून भैरवी ऐकलेली तर नाहीच.

या खेपेला तिनं नवऱ्याला सरळ सांगितलं, मी लॉजवर राहते. मनसारामला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायकोचा जीव कशात आहे ते कळत होतं. त्यानं बराच वेळ विडी ओढली.

"राह्य," तो म्हणाला. "पण बाईले मालूम नाई झालं पाह्यजे. मालूम झालं तर मेलो म्हणून समज. माह्या मयतीलेबी नाई येणार ते."

हे त्यानं गमतीनं म्हटलं नव्हतं. चुलतभावानं एकदा लग्नाची पत्रिका पोस्टानं पाठवली, तेव्हापासून उर्वशीबाईंनी त्याचं नाव टाकलं होतं.

इतकं सगळं ठरलेलं असताना प्रेमिलानं थैली आणली कशाला, असं कोणीही विचारेल. ती तरी काय करणार? पौष लागला, घरात नवा एचएमटी तांदूळ आला, आणि चंद्रपूरला जायचं ते नणंदेला तो न देता? लपून जायचं ठरवलं तरी रिकाम्या हातानं जायचं तिच्या डोक्यातच आलं नाही. बॅग भरता भरता हातांनी आपोआप थैली भरली. बसमध्ये सावलीच्या पुढं तिला कळलं की आपण काय करून बसलोय.

खोलीत बॅग टाकून ती थैली घेऊन पुन्हा खाली आली आणि तिनं एक ऑटोवाला गाठला. दवाखान्यामागची गल्ली, निळं गेट, उर्वशीबाईंच्या नवऱ्याचं, डोमाजींचं घर.

"थैली बसनं आली म्हणून सांगजा," तिनं बजावलं. "कुरखेड्याहून बसनं आली, बस."

"हो ना बाई, सांगतो," ऑटोवाला म्हणाला.

थैली गेली तसं तिला हलकं वाटलं. तिनं खोलीत येऊन तोंड धुतलं, साडी बदलली. खोली तशी साधीच होती. एक पलंग, पांढरी चादर, भिंतीवर टीव्ही, मोरीत एक बादली. खिडकीतून बसस्टँडचा भोंगा ऐकू येत होता, पण तो कोणाला तरी बोलवत होता, तिला नव्हे. ती दहा मिनिटं पलंगाच्या काठावर नुसती बसून राहिली. कोणी काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मध्यंतर झालं आणि तिचे पाय सवयीनं उठले. दोन पावलं गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, तशी ती परत येऊन आपल्या खुर्चीत बसली. नंतरच्या गाणाऱ्या बाईंनी बागेश्री घेतला. प्रेमिलानं तो पहिल्या आलापापासून शेवटच्या तिहाईपर्यंत ऐकला, आणि टाळ्या वाजवताना तिचे हात थांबेनात. खरी मोठी मैफल दुसऱ्या दिवसाची होती. धारवाडकडचे एक म्हातारे गवई येणार होते आणि संमेलनाची भैरवी तेच म्हणणार होते. परतताना तिनं कोपऱ्यावरच्या हॉटेलात पोळी-भाजी खाल्ली, आणि पडल्याबरोबर तिला झोप लागली.

सकाळी खोलीतला फोन वाजला.

"म्याडम," काउंटरवरचा माणूस म्हणाला, "खाली तुमच्या नातेवाईक आल्या आहेत." नातेवाईक हा शब्द त्यानं जरा सावकाश उच्चारला.

प्रेमिलानं फोन ठेवला. ती पदर नीट करेपर्यंत उर्वशीबाई जिना चढून दारात उभ्या होत्या. साठीची, जाड अंगाची बाई. धाप लागलेली, कपाळावर घाम, जानेवारीची थंडी असूनही. पदराला पिठाचा हात पुसलेला होता.

"या बाई," प्रेमिला म्हणाली.

"तू मले या म्हणतं?" उर्वशीबाई आत आल्या. "माह्याच गावात तू मले या म्हणून राह्यली?"

प्रेमिलानं त्यांच्यामागं दार लोटलं.

"तांदूळ माह्या घरी उतरला आन् माणूस लॉजवर? त्या ऑटोवाल्याले इचारलं, कोणं देल्ला रे? म्हणे, लॉजवरच्या बाईनं. मले वाटलं, मरो, दुसरी कोणी असन. रातभर डोळ्याले डोळा नाई." त्यांचा आवाज फाटला. "तुह्या पोरीले तीन वर्सं सांभाळलं मी. तिले नाई माहं घर कधी जड झालं. तुले झालं?"

"तसं नाई बाई."

"मंग कसं? जेवाले कमी पडलं? निजाले जागा नाई भेटली? काय चुकलं माहं, ते सांग."

आता खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. प्रेमिलानं भिंतीकडे बघत सांगितलं, "तुमी जेवत नाई, मी येवस्तोवर."

"तं? पाव्हणा बाहेर आन् मी जेवू?"

"म्हणून मी अर्ध्यातून उठून येतो. दर वर्सी. गाणं रंगलं का मले तुमी दिसता, ओट्यावर बसलेल्या. शेवटचं गाणं मी एकदाबी नाई ऐकलं, बाई."

हे उर्वशीबाईंच्या कधी कानावरच आलं नव्हतं. "मले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुमी डबा घेऊन त्या हॉलच्या दारात उभ्या राहिल्या असत्या."

उर्वशीबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. त्या खरंच उभ्या राहिल्या असत्या. दोघींनाही ते माहीत होतं.

"बॅग भर," शेवटी त्या म्हणाल्या. "घरी चाल. गाण्याचं मंग पाहू."

मग पाहू म्हणजे काय, ते प्रेमिलाला कळलं. आजची भैरवीही गेली. तिनं खुर्चीवरची साडी उचलून घडी घालायला घेतली. उर्वशीबाई तोवर टेकायला म्हणून पलंगावर बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी चादरीवरून हात फिरवला.

"हे कोण धुते?"

"लॉजवालेच."

"आन् झाडझूड?"

"तेच करतेत."

"चहाचं कसं करतं?"

"फोन केला का आणून देतेत."

"इथी? वर?" त्यांना ते खरं वाटेना. प्रेमिलानं फोन करून दोन चहा सांगितले, एक बिनसाखरेचा. थोड्या वेळानं चहा आला, टेबलावर ठेवला गेला, दार बंद झालं. उर्वशीबाई सवयीनं उठून कप द्यायला निघाल्या होत्या. प्रेमिलानं त्यांचा कप त्यांच्या हातात दिला, तशा त्या पुन्हा खाली बसल्या. फुंकर मारून एकेक घोट घेत त्यांनी तो चहा शेवटपर्यंत प्यायला. मधे कोणी हाक मारली नाही. रिकामा कप त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवला.

"गरम होता," त्या म्हणाल्या.

प्रेमिलानं साडी बॅगेत ठेवली.

"घरी सिरोंच्याचे सहाजण आहेत," उर्वशीबाई भिंतीवरच्या बंद टीव्हीकडे बघत म्हणाल्या. "आमच्या यायच्या आतेभावाचं हर्निया. कालपासून. त्याच्या आंधी गोंडपिपरीचे होते. त्याच्या आंधी कोण होतं, ते आता ध्यानात नाई माह्या." त्यांनी पाय वर घेतले. टाचांना भेगा होत्या. "माहं लग्न होऊन इथी आली, तवापासून असंच आहे. मले आवडत नाई, असं नाई. माणसं पाह्यजेत घरात."

"हो ना, बाई."

"इथी सकाळी कोण उठवते तुले?"

"कोणीच नाई."

उर्वशीबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "पाच मिनिटं पाठ टेकू दे. मंग निघू."

त्या आडव्या झाल्या. आधी काठावरच, पाहुण्यासारख्या, पदर छातीवर घट्ट धरून. मग कूस बदलून भिंतीकडे सरकल्या.

"दाराले कडी लाव," त्या डोळे मिटूनच म्हणाल्या.

प्रेमिलानं कडी लावली. ती वळेपर्यंत उर्वशीबाईंचा श्वास लांबला होता. ही बाई झोपलेली प्रेमिलानं आजवर पाहिलीच नव्हती. रात्री सगळ्यांच्या मागून त्या पडायच्या आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठलेल्या असायच्या. झोपेत त्यांचं तोंड जरा उघडं पडलं होतं आणि कपाळावरची आठी गेली होती. प्रेमिलानं पायथ्याचं ब्लँकेट उलगडून त्यांच्या अंगावर घातलं. बॅगेची चेन तिनं लावली नाही.

पाच मिनिटं झाली, मग अर्धा तास. उर्वशीबाईंच्या पिशवीतला मोबाइल वाजायला लागला. प्रेमिलानं तो घाईघाईनं काढला आणि मोरीत जाऊन दार लोटून घेतलं. डोमाजी होते.

"हॅलो, कुठी आहेस तू? हे सारे उठून बसले इथी. चहा नाई, काई नाई."

"मी प्रेमिला बोलतो, भाऊजी."

"प्रेमिला? तू कवा आली? तुही बाई कुठी आहे?"

प्रेमिलानं दाराच्या फटीतून पाहिलं. उर्वशीबाईंनी ब्लँकेट खांद्यापर्यंत ओढून घेतलं होतं.

"बाईले आज उशीर होईन," ती म्हणाली. "संध्याकाळी आमाले गाण्याले जायचं आहे. गाणं सरल्यावरच येऊ. चहा तुमीच मांडा."

पलीकडून भांड्यांचा आवाज आला, एक डबा उघडला, दुसरा उघडला.

"साखर कुठी ठेवते ते?" डोमाजींनी विचारलं. "जरा इचार ना तिले."

"शोधा," प्रेमिला हळू आवाजात म्हणाली. "घरातच असन."