काठोकाठ पेला

कॅन्सरच्या गोळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात सांडपाण्याचा विभाग गंजोबाकडे होता. लोहक्षार हाताळून कपडे कायम तांबूस, म्हणून हे नाव. काम असं, की टाकीत लोहक्षार आणि पेरॉक्साइड सोडायचं. ही जोडगोळी पाण्यातल्या औषधाच्या चिंधड्या उडवते. फक्त तिला वेळ द्यावा लागतो. साहेबांनी उत्पादन दुप्पट केलं आणि पाणी टाकीतून पळत सुटलं, निम्मं औषध पोटात घेऊनच.

साहेबांपुढे तोंड उघडायची गंजोबाची छाती नव्हती. लबाडीला मात्र अक्कल कधी कमी पडत नाही. नमुन्याची बाटली भरली की रसायनं थोपवणारी भुकटी तिच्यात लगेच टाकायची असते. त्याने ती टाकणं सोडलं. मग जोडगोळी बंद बाटलीत निवांत राबत राही आणि प्रयोगशाळेत बाटली उघडेपर्यंत औषधाचा मागमूस उरत नसे.

प्रयोगशाळेत त्याची सून होती. त्यानेच तिला चिकटवलं होतं. पोर प्रामाणिक, यंत्राला दिसलं नाही की 'आढळले नाही' लिहायची आणि खाली सही ठोकायची. दोनदा मूल पोटातच गमावल्यावर आता तिला सातवा लागला होता. घरात गंजोबा तिला पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नसे.

खालच्या वस्तीतली माणसं एके दिवशी सांडपाण्याच्या विभागात येऊन धडकली. मासे मरतायत, पाण्याला वास मारतोय. साहेबांनी शुद्ध केलेलं पाणी बाहेर सोडणाऱ्या तिथल्या शेवटच्या नळाचा पेला भरून टेबलावर ठेवला. "बघा, कसं नितळ आहे!"

"मग प्या की कुणीतरी," वस्तीतली एक बाई म्हणाली.

साहेब खिशात रुमाल शोधू लागले. अहवाल घेऊन आलेल्या सुनेने हात पुढे केला. "मी पिते. माझीच तपासणी आहे."

गंजोबा पुढे सरसावला. "दे इकडं. मी पितो."

"तुमच्या गोवऱ्या मसणात गेल्या, आजोबा. तुम्हाला काय होणार?" बाई म्हणाली. "पोटुशी पिते तेच खरं."

'पिऊ नकोस', एवढं म्हटलं की काम झालं असतं. पण मग का, तेही सांगावं लागलं असतं. त्याची नोकरी गेली असती, आणि खोट्या ठरलेल्या प्रत्येक अहवालाखाली सही सुनेची होती. नातवंडापेक्षा हे मोठं नाही, हे त्याला कळत होतं. कळत असूनही जीभ उचलेना. भित्रा तो भित्राच.

"पिऊ ना, बाबा?" तिने हसून विचारलं. इतकी माणसं बघतायत म्हणून थोडी लाजलीही.

"पी," गंजोबा म्हणाला.

ती गटागटा प्यायली. वस्तीवाल्यांचे चेहरे सैल पडले. "लेकुरवाळी होणारी खोटं कशाला करेल," असं म्हणत बाई दाराकडे वळली. साहेबांनी गंजोबाच्या पाठीवर थाप मारली.

सुनेने एकदम पोटावर हात ठेवला. "बाबा, लाथ मारली बघा! आवडलं वाटतं त्याला." तिने रिकामा पेला पुढे केला. "अजून एक द्या."

माणसं दारातच थांबून कौतुकानं बघू लागली. गंजोबाने पेला नळाखाली धरला आणि काठोकाठ भरला.