कोपराजवळची चीर

ते साल दोन हजार नऊ. थंडी उतरणीला लागली होती. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, संगणकाच्या मोफत वर्गात, रफूवाली आणि तिची नणंद एकाच पडद्यापुढे खुर्च्या चिकटवून बसल्या होत्या.

“वहिनी, तो माउस उचलून काय धरतेस? टेबलावरच सरकवायचा असतो.”

“हात थरथरतोय हो वन्सं.”

“सुई ओवताना बरा थरथरत नाही!”

“सुईचं मला कळतं. हा कुठे टोचेल ते कळत नाही.”

शेजारच्या टेबलावरचे एक निवृत्त गृहस्थ हसले. नणंदेने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लगेच आपल्या पडद्यात शिरले. तेहतीस वर्षं कचेरीत टायपिंग केलेली बाई ती; दहाही बोटांनी टायपायची आणि अकराव्यासारखी जीभ चालवायची.

रफूवाली एकतीस वर्षं कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बसत आली होती. एक खुर्ची, एक उंच खिडकी, आणि दिवसभर सावकाश सरकणारा उजेड. फाटलेले, जळलेले, कसरीने खाल्लेले कपडे पुढच्या गल्ल्यावर यायचे आणि चिठ्ठी लावून तिच्याकडे पोचायचे. नीट होऊन पुन्हा पुढे जायचे. पावतीवर नाव लॉन्ड्रीचं. मागे कोणी बाई बसते, हे गिऱ्हाइकांना ठाऊकच नव्हतं. आता लॉन्ड्रीवाले भाऊ दुकान विकून मुलीकडे राहायला निघाले होते. मार्चअखेर कुलूप लागणार होतं. तिला घरी बसून काम करता आलं असतं, पण ती कोण आणि कुठे राहते हे कुणाला कळल्याशिवाय काम येणार कुठून? आणि हात रिकामे ठेवून दिवस कसा काढतात, हे तिला येतच नव्हतं.

“वेबसाइट करायची,” नणंदेने ठरवून टाकलं होतं. “हल्ली माणसं पाटी वाचत चालत नाहीत. घरात बसून शोधतात.”

पान कोरं उघडलं की रफूवाली त्यात हरवून जायची. मागावर ताणलेल्या, अजून आडवा धागा न पडलेल्या कापडासारखं ते दिसायचं. वर्ग शिकवणाऱ्या ग्रंथपालबाईंनी एकदा एक चित्र मोठं, अजून मोठं करून दाखवलं; शेवटी पडद्यावर नुसते चौकोन उरले, उभे-आडवे, एकाला एक लागून. “अगंबाई,” ती पुटपुटली, “हेही विणलेलंच आहे की!” त्या दिवसापासून तिचा हात थरथरायचा थांबला.

नावावरून मात्र दोघींचं जुंपलं.

“आधुनिक वस्त्रदुरुस्ती केंद्र,” नणंद म्हणाली.

“केंद्र कसलं वन्सं? एक खुर्ची आणि एक खिडकी.”

शेवटी वर नुसतं ‘रफूकाम’ आलं, खाली पत्ता आणि मेल. मध्ये नऊ फोटो. लॉन्ड्रीत तयार होऊन परत जाणाऱ्या कपड्यांचे तिने खिडकीच्या उजेडात काढलेले, एकेका धाग्यावर नजर ठेवून. पान जगापुढे उघडलं त्या दुपारी दोघींनी ते तीनदा वरपासून खालपर्यंत वाचलं.

तीन आठवडे काहीच आलं नाही. नणंद रोज ग्रंथालयात जाऊन मेल उघडायची आणि तोंड पाडून यायची. मग एकाचं पत्र आलं. ‘तुमच्या पानात काही बिघाड आहे का? फोटोत नुसती कापडं दिसतात.’

नणंद डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “वहिनी, तुझं काम इतकं चांगलं की दिसतच नाही!”

रफूवालीला हसू आलं नाही. मार्च संपायला तेरा दिवस उरले होते.

“काकू, आधीचा फोटो कुठाय?” ग्रंथपालबाईंनी विचारलं. “फाटलेला? तो बाजूला लावला की लगेच कळेल.”

“तो मी काढत नाही.”

“का बरं?”

“कपडा आला की चीर आधी आत घडी करून ठेवायची, असं सासूबाईंनी शिकवलंय. कुणाचं भांडणात फाटतं, कुणी पडलेलं असतं. कुणाचं कुठे फाटलंय ते दुसऱ्याला दाखवायचं नाही. डॉक्टर सांगतो का पेशंटचं?”

“मग घरचं काहीतरी दाखवा.”

त्या संध्याकाळी दोघींनी घर पालथं घातलं. चादरी, शाली, मोजे, पडदे. घरात एक भोक सापडेना.

“कमाल आहे बाई तुझी!” नणंद कमरेवर हात ठेवून म्हणाली. “हा टॉवेल फाड.”

“टॉवेलला कोण रफू करतं? लोकरी हवं. घट्ट विणीचं.”

तिने कपाटाचं शेवटचं दार उघडलं आणि करडा कोट बाहेर काढला. नवऱ्याचा. पोस्टात कारकून होता तो, सहा वर्षांपूर्वी गेला. बावीस हिवाळे त्याने हा कोट घातला, आणि एक धागाही निसटू दिला नव्हता. बाकावर बसण्याआधी हात फिरवून खिळा आहे का बघायचा. ती चिडवायची, “सगळ्यांचं मी सांधते, तुमचंच कसं कधी काही येत नाही?” तो म्हणायचा, “दिवसभर डोळे फोडून घरी येतेस, आणि आल्यावर माझाही कोट?”

“वहिनी, नको. दादाचा आहे तो.”

“म्हणून तर. दुसऱ्या कुणाला विचारायला नको.”

“अगं, कात्री ठेव खाली!”

तिने डाव्या बाहीला कोपराजवळ कात्री लावली. आयुष्यात पहिल्यांदाच ती काही फाडत होती. आवाज अगदी लहानसा झाला. नणंदेने तोंड फिरवलं.

चार दुपारी ती त्या बाहीवर वाकून बसली. आतल्या दुमडीतून धागे काढले आणि एक वर, एक खाली असे भरत गेली. कधीकधी तिला वाटे, बाहीत हात आहे, आणि तो हलू नये म्हणून कुणी श्वास रोखून धरलाय. अर्धं काम झालं तेव्हा तिने फोटो काढला: एका बाजूला भोक, एका बाजूला कापड, मधे उभे राहिलेले धागे. पाचव्या दिवशी बाही नणंदेपुढे धरली. नणंदेने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि एकदम रडायलाच लागली.

“किती जपला होता गं त्याने.”

“हो ना,” रफूवाली म्हणाली. “शेवटी आलं बाई त्यांचं काहीतरी माझ्याकडे.”

पानावरचे नऊ फोटो काढून टाकले आणि बाहीचे तीन लावले: फाटलेली, अर्धी भरलेली, पुरी झालेली. लॉन्ड्रीला कुलूप लागलं त्याच आठवड्यात दुरून कुणा मुलीचा मेल आला. ‘वडिलांचं स्वेटर आहे. पाठवू का?’ मग पार्सलं येऊ लागली.

लॉन्ड्रीवाले भाऊ मुलीकडे पाच वर्षं राहिले; तिथे त्यांनी सगळ्या इमारतीच्या कपड्यांना इस्त्री करून दिली म्हणे, नुसती हौस म्हणून. ग्रंथपालबाईंची बदली मोठ्या ग्रंथालयात झाली. नणंदेने अकरा वर्षं सगळ्या मेलना दहा बोटांनी उत्तरं दिली आणि एका दुपारी, दोन ओळी अर्ध्या टाकून, ती खुर्चीतच गेली. त्या दोन ओळी रफूवालीने एका बोटाने पुऱ्या केल्या.

पुढे तिची नजर अधू झाली. अक्षरं मोठी करून पडदा वाचता येतो, सुईचं नाक दिसत नाही. पानावर तिने लिहिलं, ‘काम बंद आहे.’ तरी लोक लिहितात. ती रोज सकाळी पडद्यापुढे बसते आणि एकेकाला उत्तर टाइप करते: फाटलेली जागा धुऊ नका. सुटे धागे कापू नका. चीर आत घेऊन घडी करा आणि कोरड्या जागी ठेवा, कुणी मिळेपर्यंत.