अर्धा कोयता

गोदामाच्या दारावर नवा फलक लागला होता आणि त्यावर 'सर्वसमावेशक विकास' असं लिहिलेलं होतं. जिभेला पीळ पडावा असा शब्द. आत मात्र दहाच जणांची जागा होती आणि अंगणात वीस माणसं येऊन उभी राहिली होती.

घोळ मोहनराव मुकादमाचा, आणि खरं सांगायचं तर तो घोळ म्हणावा असाही नव्हता. सीताफळाचा गर काढायचं हे केंद्र नवंच निघालं होतं. देखरेखीला बीडहून स्वप्नाली नावाची मुलगी आली होती. तिनं फोनवर विचारलं, "किती जण देता?" मोहनराव म्हणाला, "धा देतो." आता मोहनरावाची सगळी हयात ऊसतोडीला मजूर पुरवण्यात गेलेली. त्याच्या हिशेबात माणूस मोजतच नाहीत, कोयता मोजतात, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणार, दोघं मिळून एक. त्यानं सांगितल्याप्रमाणं दहा आणले. पोरीनं मोजले तर वीस भरले.

"आता निम्म्यांना परत कसं पाठवू मी?" स्वप्नालीनं कपाळाला हात लावला.

"घरटी एक ठिवा," मोहनराव म्हणाला. "उरल्याला मी लावतो कुनाच्या तरी जोडीला. दिवाळी झाली की गाडी निघनारच हाय."

कडूबाई भिंतीला टेकून ऐकत होती. ती दमली होती, आणि ते दमणं आजचं नव्हतं. लग्न होऊन आली त्या साली जी उसाच्या गाडीत चढली, ती दर दिवाळीनंतर चढतच राहिली. पोटुशी असताना मोळ्या वाहिल्या, बाळंतपण पाचटाच्या खोपीत झालं. आता तिची हाव एवढीच होती की एक हिवाळा तरी आपल्या घरात, आपल्या पत्र्याखाली निजावं. इथं सीताफळ संपलं की आवळा होता, मग चिंच. नाव लागलं तर गाडी कायमची सुटली.

नवरा शहादेव शेजारी उभा होता. त्याची कंबर गेल्या हंगामात गेली होती. चपलेत पाय घालायचा तरी त्याला भिंतीचा आधार लागे.

स्वप्नाली एकेका जोडीला विचारत पुढं येत होती. पहिल्या घराचा नवरा आत गेला, दुसऱ्याचाही. बायका कुणी न सांगताच मागं सरकत होत्या. जन्माची सवय, तिला हुकूम कशाला लागतो?

"मावशी, तुमच्यातलं कोण?"

"शहादेव लिहा," मोहनराव मधेच म्हणाला. "कोयता त्याच्या नावाचा हाय."

शहादेव खाली मातीकडं बघत राहिला. बसून करायचं काम त्याच्या कमरेला मानवणारं होतं, हे कडूबाईला कळत होतं, आणि तेच तिला जड जात होतं. पण तो इथं बसला तर तिच्यासारख्या धडधाकट बाईला घरी कोण बसू देणार? परक्या माणसाच्या जोडीला लागून उसात जावं लागणार. ती इथं बसली तर असल्या कमरेच्या माणसाला उसात कोण नेतंय, दोघंही घरी राहणार. गणित सरळ होतं, फक्त चारचौघांत नवऱ्यासमोर मांडायला जीभ रेटत नव्हती.

स्वप्नालीला दोघांचीही दया आली. "असं करू या का? आलटून पालटून या. एक दिवस तुम्ही, एक दिवस काका. अर्धं अर्धं."

शहादेवनं लगेच मान हलवली. मोहनरावालाही ते पटलं.

"न्हाई, ताई," कडूबाई म्हणाली. "अर्धं न्हाई. जलमभर अर्धीच हाय मी. आता माझं आक्खं लिहा."

ती इतक्या थकल्या आवाजात बोलली की कुणाला तो रागही वाटला नाही. शहादेवला मात्र लागायचं ते लागलं.

"लिहा तिचं," तो म्हणाला. "मी जातो गाडीवर." आणि तिच्याकडं न बघता तो निघून गेला.

दिवसभर कडूबाई सीताफळं फोडत बसली. डोक्यावर ओझं नव्हतं, ऊन नव्हतं, आणि तिला बरं वाटत होतं. बरं वाटतंय म्हणून स्वतःचाच राग येत होता. घरी गेल्यावर तो टोचून बोलेल, तेव्हा काय म्हणायचं, याची तिनं मनातल्या मनात दहा उत्तरं जुळवली.

दिवेलागणीला ती घरी आली तेव्हा शहादेव दारात बसलेला होता. चूल थंडच होती.

"जेवला न्हाईत?"

"मुकादमाकडं गेलतो."

"काय म्हनला?"

चौकटीला धरून तो जरा सरळ बसला. मग म्हणाला, "मोडका अर्धा कोयता कोन घेतो, म्हनला. चार मानसांत म्हनला." थोडं थांबून तो पुन्हा स्वतःशीच पुटपुटला, "अर्धा."

कडूबाईची दहाही उत्तरं फुकट गेली. तिला त्याची कीव आली. खोटं कशाला बोला, मनाच्या एका कोपऱ्यात गारही वाटलं, आणि त्या गार वाटण्याची तिला लाज वाटली. ती डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन त्याच्या शेजारी टेकली.

"लग्नाच्या साली तुमी तापानं पडला हुता आन् मी एकलीच फडात गेलते," ती म्हणाली. "सांजला खोपीत परतले तवा मलाबी चार मानसांत आसंच, अर्धा कोयता म्हनले हुते. मीबी आशीच बसले हुते."

शहादेवनं तिच्याकडं पाहिलं. "मला कावून न्हाई सांगितलं?"

"काय सांगू?" कडूबाई म्हणाली. "म्हननारे तुमीच हुता."